पार्किंगमध्ये शिकलेला शब्द

आबा, तुमचे पाहुणे आज सकाळी गेले. कमलआत्या दारातून दोनदा परत आल्या. एकदा चष्मा राहिला म्हणून आणि एकदा मला तीच गोष्ट सांगायला, जी त्या गेले तेरा दिवस सांगत होत्या. आता घरात आम्ही तिघंच उरलो. नितीन आतल्या खोलीत झोपलाय, बिचाऱ्याला किती दिवसांनी डोळा लागलाय. जुई तुमच्या खुर्चीपाशी फरशीवर बसलीय आणि तोंडातून अवाक्षर काढत नाहीय. मला त्याचं भय वाटतंय. हे भय सांगावं असं माणूस म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही तर गेलात. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. सासऱ्याशी भांडण अर्धवट सोडणारी सून मी नव्हे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

सासूबाई गेल्यावर तुम्ही गंगापूर सोडून चिकलठाण्याला आमच्या फ्लॅटमध्ये आलात. येताना एक ट्रंक, देव आणि शेतातल्या कापसाची एक गोणी घेऊन आलात. मला वाटलं, झालं, आता रोज माझ्या चहाला नावं ठेवली जाणार. ती तुम्ही ठेवलीतच. पण नितीन वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये, मी शाळेत, आणि जुईला सांभाळायला येणारी बाई महिनाभरसुद्धा टिकत नव्हती, हे बघून तुम्ही एक दिवस काही न बोलता तिच्या औषधांच्या डब्याशेजारच्या खुंटीला आपला पंचा अडकवलात. तिच्या कानातलं यंत्र बसवायला शिकलात. माझ्या हाताखाली सुसरीसारखी वळवळणारी पोर तुमच्यापुढे मान स्थिर धरून बसायची.

जुईच्या डॉक्टरांना तुम्ही मंत्रिमंडळ म्हणायचात. हृदयाचे एक, फिटचे दुसरे, थायरॉइडचे तिसरे, कानाचे चौथे. "प्रत्येकाचं खातं वेगळं. एकाला विचारावं तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो," असं म्हणून तुम्ही हसायचात. तहसील कचेरीत हेडक्लार्क म्हणून हयात काढलेल्या माणसाला हा प्रकार घरचाच वाटत असणार. पण त्या सगळ्या मंत्र्यांचा एक प्रश्न मात्र सारखा असायचा: कुठं दुखतं ते सांगते का? त्यावर आपण दोघं खाली बघायचो.

त्या खाली बघण्याची किंमत एकदा कळली. जुई जेवेना. आपण म्हटलं, थायरॉइडची गोळी बदलली म्हणून असेल. मलूल पडून राहायला लागली. आपण म्हटलं, फिटच्या औषधाची गुंगी असेल. मग ताप चढला, तापात फिटवर फिट आली, आणि पोर अतिदक्षता विभागात पोचली. तिथं कळलं की तिचा कान आतून पिकला होता. इतके दिवस नुसता कान दुखत होता आबा, आणि ते तिला सांगता येत नव्हतं. काचेच्या दाराबाहेर तुम्ही मला म्हणालात, "वर्षा, हिला बोलायला आलं पाहिजे." आपलं दोघांचं एकमत झालेला बहुधा तो पहिलाच प्रसंग.

मग उस्मानपुऱ्यातल्या, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या निलोफर मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, पहिला शब्द कोणता हवा? माझ्या मनात काय होतं ते सांगायला नकोच, कुठल्याही आईच्या मनात तेच असणार. तुम्ही म्हणालात, "शुभं करोति नाही जमलं तर निदान राम तरी." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "आबा, राम येईल. पण आधी 'दुखतं' येऊ द्या. ही पोरगी इतकी आजारी असते, तिला पहिल्यांदा तक्रार करता आली पाहिजे."

तुमचा चेहरा असा काही उतरला की मॅडमना वाटलं, त्यांचं काही चुकलं. रिक्षात बसल्यावर तुम्ही तोंड उघडलंत. "घरातल्या लेकरानं पहिला शब्द 'दुखतं' म्हणायचा? रोज? तिन्हीसांजेला पण? वास्तू तथास्तु म्हणत असते, वर्षा." मी म्हटलं, वास्तूला एवढंच ऐकू येतं तर इतकी वर्षं 'बरी होऊ दे, बरी होऊ दे' म्हणतोय ते कसं ऐकू येत नाही? आपलं भांडण सुरू झालं ते तिथं.

मॅडमचा एक नियम तुम्हाला त्याहून जड गेला. मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. डबा द्यायचा तो घट्ट झाकण लावून, ताटात पोळी वाढायची आणि वरण वाढायचं विसरायचं, मग गप्प बसून वाट बघायची. तिनं हात केला, आवाज काढला, नजरेनं दाखवलं, काहीही केलं तरी ते मागणंच. पण काही केल्याशिवाय हलायचं नाही. तुम्ही तर तिनं नाक आक्रसायच्या आत पदार्थ हजर करायचात. मी वाट बघत बसले की माझ्या पाठीमागून वरणाची वाटी सरकवायचात. शेवटी मी वैतागून म्हटलं, "आबा, उभी नोकरी अर्ज आल्याशिवाय तुम्ही कुणाचा कागद हलू दिला नाहीत, आणि हिला सगळं बिनअर्जी?" तुम्ही पापण्यांची उघडझाप केलीत आणि म्हणालात, "म्हणूनच. लई लोकांना ताटकळत ठेवलं गं मी." पण दुसऱ्या दिवसापासून वाटी सरकवणं बंद झालं.

त्या पोरीचं बोलणं म्हणजे नुसत्या जिभेचं काम नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. हृदयाच्या ऑपरेशननंतर तिचा श्वास अर्ध्या शब्दातच संपायचा. सकाळचं औषध घेतलं की दुपारपर्यंत गुंगी, म्हणून मॅडमनी तिची वेळ बदलून दुपारची केली. महिनाभर खपून चार आवाज जमवावेत आणि एका फिटनंतर त्यातले दोन पुसले जावेत. मी रडायला बसायची. तुम्ही म्हणायचात, "फाईल गहाळ झाली. नवी उघडू." आणि दुसऱ्या दिवशी खरंच पहिल्यापासून सुरू करायचात. मला तुमची ही चिकाटी तेव्हा निर्लज्जपणा वाटायची. आज वाटतं, त्या चिकाटीमुळेच आम्ही तगलो.

आणि ती फुंकर. गोणीतला कापूस काढून तुम्ही त्याचे बोंडाएवढे पुंजके टेबलावर ठेवायचात आणि दोघं समोरासमोर बसून फुंकायचात. तिचे ओठ नीट मिटायचे नाहीत, लाळ गळायची, पुंजका जागचा हलायचा नाही. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की फुंकून फुंकून कुणाला बोलता येत नाही, पण हसते आहे तर खेळा. तुम्ही खेळलात. सोफ्याखाली, पंख्यावर, देव्हाऱ्यात कापूस. ज्या दिवशी तिच्या फुंकरीनं पुंजका टेबलावरून खाली पडला, त्या दिवशी तुम्ही खालच्या मजल्यावरच्या पठाणभाईंना वर बोलावून दाखवलात. ते बिचारे अर्धवट दाढी करून आले होते.

'दुखतं'चा सराव मात्र तुम्ही घरात करत नाही, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, मी शाळेत असताना होतो. पठाणभाईंकडून कळलं. रोज दुपारी तुम्ही जुईला घेऊन खाली पार्किंगमध्ये बदामाच्या झाडाखालच्या बाकावर जाऊन बसायचात. तिथं गुडघा धरून विव्हळायचात, डोकं धरून विव्हळायचात. ती तुमच्या दुखऱ्या जागेवर पंजा ठेवून म्हणायची, "दुत्तं." मग त्यावर फुंकर, मग टाळ्या. पहिल्या दिवशी पठाणभाई धावत आले म्हणे, "आबा, क्या हुआ?" आणि तुम्ही म्हणालात, "काही नाही हो, शाळा चाललीय."

वास्तूला ऐकू जाऊ नये म्हणून तुम्ही शब्दच खाली नेलात. आणि व्हायचं तेच झालं. पोरगी बाकावर बसली की दुत्तं म्हणायची आणि जिन्याची पहिली पायरी चढली की मुकी. घरात तिच्या बोटाला दार लागलं, ती ओठ आवळून रडत राहिली. मॅडमना उलगडा होईना. "आबा, सच सांगा, सराव कुठं करता?" तुम्ही सांगितलंत. मला वाटलं, त्या रागावतील. त्यांनी डोक्याला हात लावला आणि हसता हसता डोळे पुसले. "तिला वाटतं, हा शब्द झाडाखालचाच आहे. घरात दुखलं तर बोलायचं नसतं, हे तुम्ही शिकवलं तिला."

तिसऱ्या दिवशी पूजा आटोपून देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभे राहिलात आणि कचेरीतल्या मोठ्या आवाजात सांगितलंत, "सदर घरात आजपासून दुखतं हा शब्द सरावासाठी वापरला जाईल. तो खरा धरू नये. तथास्तु म्हणू नये. कळावे." मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होते. मग तुम्ही वळलात, जुईसमोर खाली बसलात आणि गुडघा धरलात. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग तुमच्याकडे. कितीतरी वेळ गेला. तुम्ही वाट बघितलीत, वाटी न सरकवता. आणि तिनं गुडघ्यावर पंजा ठेवला. देवाला भ्यायचात ना तुम्ही आबा, मनापासून भ्यायचात. तरी तिच्यासाठी ती भीती बाजूला ठेवलीत. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तेव्हा नुसती हसले.

त्यानंतर तिनं कान सांगितला, पोट सांगितलं, घसा सांगितला. मंत्रिमंडळाला पहिल्यांदा सरळ उत्तरं मिळायला लागली. आणि मग ती संध्याकाळ. मी शाळेतून आले तर जुईनं दारातच माझी ओढणी धरली आणि ओढत तुमच्या खुर्चीपाशी नेलं. तुमच्या छातीवर पंजा ठेवला. "दुत्तं." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "सराव चाललाय आमचा." मी चहा ठेवायला गेले. पण मागून फुंकर ऐकू येईना. खेळात दुत्तं झालं की फुंकर यायचीच, मग टाळ्या. मी वळून बघितलं. तिचा पंजा तसाच छातीवर होता, आणि पंखा चालू असून तुमच्या कपाळावर घाम होता. मी गॅस बंद केला आणि पठाणभाईंना हाक मारली. त्यांच्या गाडीत तुम्ही शेवटपर्यंत म्हणत होतात, "गॅस झालाय गं नुसता."

वेळेत आणलं, म्हणाले डॉक्टर. दुसऱ्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "पोरगी खोट्या सहीला फसली नाही." इतका अभिमान तुम्हाला नितीन पदवीधर झाला तेव्हासुद्धा झाला नसेल.

तिथून पुढं आपलं भांडण उलटं झालं. मी म्हणायची, आता तरी दुखलं की सांगत जा. तुम्ही म्हणायचात, सांगतो की. आणि दाढ सुजून गाल फुगेपर्यंत गप्प. "जुईला शिकवता आणि स्वतः?" "मी शिकवणी घेतो, परीक्षा देत नाही." उत्तर तयार असायचं तुमचं. पण त्या संध्याकाळनंतर मिळालेल्या दिवसांनी आम्हाला खूप दिलं. तुमच्या कुशीत झोपून जुई 'आबा' म्हणायला शिकली, आणि 'राम'सुद्धा. तो राम तिनं पहिल्यांदा म्हटला तो पठाणभाईंच्या बोकडाला, हे मी कमलआत्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि मग त्या सकाळी तुम्ही सोवळ्यातच स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिलात. जुई माझ्याशेजारी कणकेचा गोळा चिवडत होती. तुम्ही म्हणालात, "वर्षा, दुखायलंय गं. इथं." आयुष्यात पहिल्यांदा म्हणालात. छातीवर हात होता. तव्यावरची पोळी तशीच टाकून मी धावले. आबा, तुम्ही सांगितलंत, वेळेवर सांगितलंत. आम्ही वेळेवर पोचलोही. तरी तुम्ही परत आला नाहीत.

सगळ्यांना मी छातीठोकपणे सांगत होते की बोललं की माणूस वाचतं. आता काय सांगू? हेच आपलं राहिलेलं भांडण. कमलआत्या पहिल्या दिवसापासून म्हणतायत, "घरात रोज उठून दुखतं दुखतं. वास्तू तथास्तु म्हणते बाई. दादाला किती सांगितलं मी." मी कुणाचंही ऐकून घेत नाही, पण ह्या वेळी ऐकून घेतलं. तुम्ही असता तर कुणाच्या बाजूनं बोलला असतात?

त्यात जुई. घर रडणाऱ्या माणसांनी भरलेलं, आणि ती आपलं काम करत होती. प्रत्येक रडणाऱ्यापाशी जायची, पंजा ठेवायची, दुत्तं म्हणायची. नितीनच्या पाठीवर, माझ्या डोक्यावर, खुद्द आत्यांच्या गुडघ्यावर. आत्या तिच्या ओठांवर बोट ठेवायच्या. "असं म्हणू नये बाळा. चूप." वाईट बाई नाहीत त्या, तिला मांडीवर घेऊनच म्हणायच्या. दोन-तीनदा असं झालं, आणि पोरीनं शब्द टाकला. तिनं बघितलं होतं ना, आबांनी घरात हा शब्द उच्चारला आणि आबा गेले ते आलेच नाहीत. वर हे ओठांवरचं बोट.

निलोफर मॅडम भेटायला आल्या तेव्हा डोक्यावरून ओढणी घेऊन तुमच्या खुर्चीसमोर बसल्या. निघताना मला म्हणाल्या, "वर्षाताई, बाकीचे शब्द गेले तर परत आणू. हा जाऊ देऊ नका. तिची सगळी दुखणी ह्याच दारानं बाहेर येतात." आज सकाळी फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. बघते तर जुईच्या पायाच्या अंगठ्याचं नख निम्मं उचकटलेलं. केव्हा लागलं कोण जाणे. ती माझ्याकडे बघत होती आणि तिनं ओठ घट्ट मिटलेले होते. त्या कानाच्या वेळी पोर जशी होती, तशीच पुन्हा झाली होती.

इथवर लिहून मी उठले, कारण जुईनं येऊन माझी ओढणी धरली. बांधलेल्या अंगठ्यानं लंगडत मला दारापाशी नेलं, जिना उतरवला, बदामाखालच्या बाकावर बसवलं. तुमची जागा सोडून ती स्वतःच्या जागेवर बसली. मग माझ्या छातीवर पंजा ठेवला आणि म्हणाली, "दुत्तं."

मी हो म्हटलं. तुम्ही गेल्यापासून पाहुण्यांचा चहा, भांडी, नितीन, जुईची औषधं ह्यात मला नीट रडायलाही झालं नव्हतं. ते तिथं पार्किंगमध्ये झालं. पठाणभाई गाडी पुसत होते, त्यांनी पाठ फिरवली.

शब्द मेलेला नव्हता आबा. खाली येऊन बसला होता, तुम्ही ठेवला होतात तिथं. आणि तो वर कसा आणायचा हे मी तुमच्याकडून बघितलेलं होतं. मी तिला कडेवर घेतलं, इतकी मोठी घोडी झालीय तरी घेतलं, आणि घरात आणून देव्हाऱ्यासमोर उतरवलं. तुमच्यासारखी कचेरीची भाषा मला येत नाही. मी वास्तूला एवढंच म्हटलं, "ऐकतेयस ना? हा सराव नाही. हे खरं आहे."

मग तिच्यासमोर खाली बसले. "जुई, दुखतंय. इथं." तिनं आत्या बसायच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं, मग तुमच्या खुर्चीकडे, मग माझ्याकडे. मी वाट बघितली. वाटी सरकवली नाही. नितीन उठून दारात येऊन उभा राहिला होता, त्यालाही मी हातानं थांबवलं. अखेर पंजा आला. "दुत्तं," घरात, मोठ्यानं. मग तिनं ओठांचा चंबू केला आणि माझ्या छातीवर फुंकर घातली. कापूस उडवून उडवून कमावलेली ती फुंकर, अर्धी लाळ आणि अर्धी हवा.

भांडण मी जिंकले असं मी म्हणत नाही. पण वास्तूला तथास्तु म्हणायचंच असेल आबा, तर तिनं ह्या फुंकरीला म्हणावं.